कुकरला शिटी होऊ द्यायची नाही

(गॅरेज. कोपऱ्यात कागदी पिशव्या. आवाज सुरू.)

ही पिशवी अर्ध्या बुशेलची. बुशेल हे इकडचं, अमेरिकेतलं, जुनं माप, सफरचंदांचं म्हणाल तर साधारण १९ किलो, म्हणजे ही निम्मी, साडेनऊ किलो. आता चार माणसांच्या घरात साडेनऊ किलो सफरचंदं आणतं कोण? आम्ही. दर ऑक्टोबरला. कारण बागेत पैसे पिशवीचे द्यायचे असतात आणि तिच्यात मावतील तेवढी तुमची, आणि हे कानावर पडल्यावर आपली माणसं काय करतात ते मी सांगायला नको, नवरा पिशवी आपटून आपटून जागा करतो, पोरं तोडतायत, आणि मी वर अजून दोन बसतील का बघतेय.

मग ती अशी गॅरेजात येऊन बसतात. पहिले आठ दिवस डब्यात सफरचंद, कोशिंबिरीत सफरचंद, शिकरणात केळ्याऐवजी सफरचंद, हे मात्र करू नका. तिसऱ्या आठवड्यात कुणी हात लावत नाही, साली सुरकुततात, वास असा सुटतो की गाडीतून उतरल्या उतरल्या कळतं. तेव्हा माझा कुकर बाहेर निघतो, त्यांचं सायडर करायला, म्हणजे सफरचंदाच्या रसाचं पेय.

(रस्ता. दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं.)

आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉईटच्या बाहेर, नोवायला. स्पेलिंग बघून आपण नोव्ही म्हणतो, मग समोरचा हसतो, मग आपण नोवाय म्हणायला लागतो. राज्याच्या पश्चिमेला लेक मिशिगन, म्हणायला तळं पण पलीकडचा काठ दिसत नाही. एवढं पाणी वसंतात पटकन तापत नाही, त्यामुळे त्या बाजूची झाडं घाईघाईने फुलत नाहीत आणि उशिरा पडणाऱ्या हिमात फुलोरा करपत नाही. ग्रँड रॅपिड्सच्या वरच्या अंगाला तर फळबागांची टेकाडंच आहेत, फ्रूट रिज म्हणतात त्याला.

आणि बाग आली की सायडर मिल आली, सफरचंदाचा रस काढायचा कारखाना. फ्रँकलिन गावातली मिल १८३७ सालची, आधी पिठाची गिरणी होती. रोचेस्टरजवळची येट्सची १८६३ ची, ती तर नदीच्या पाण्यावर चालते. मी सांगलीची, मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी म्हटलं हे तर आपलं गुऱ्हाळ! सफरचंदं यंत्रात घालून त्यांचा चोथा करायचा, तो कापडात गुंडाळून थरावर थर रचायचे, वरून दाब द्यायचा, की खाली तपकिरी रस. तोच गोड, थोडा आंबूस वास, त्याच घोंगावणाऱ्या माश्या. फक्त इथे त्या साध्या माश्या नसतात, पिवळ्या गांधीलमाश्या असतात, हातातल्या ग्लासवर येऊन बसतात आणि डोनट सोडत नाहीत.

माझी आई गेल्या वर्षी सहा महिन्यांसाठी आली होती, तिला तिथे घेऊन गेले. पाटी वाचली आणि मला बाजूला घेऊन विचारते, "अगं, सायडर म्हणजे दारू ना? आणि पोरांना काय देतेयस?" प्रश्न बरोबरच आहे. इंग्लंडमध्ये सायडर मागितलं तर दारूच येणार, सफरचंदाची आंबवलेली. अमेरिकेत नुसतं सायडर म्हणजे न गाळलेला ताजा रस, दारू हवी असेल तर हार्ड सायडर म्हणावं लागतं. आईला समजावून झालं, तर म्हणते, "मग ते तुझी मावशी वजन उतरवायला सकाळी पाण्यातून घेते ते?" ते ॲपल सायडर व्हिनेगर. म्हणजे आमच्या घराण्यात सायडर एक तर दारू नाहीतर औषध.

थंडी सुरू झाली की हाच रस मसाले घालून गरम करून पितात. मिलमध्ये मोठ्या पातेल्यात तो दिवसभर मंद आचेवर असतो. मी मात्र रस विकत आणत नाही, कारण माझ्या गॅरेजात फळ पडलंय.

(किचन. ओट्यावर स्टीलचा कुकर, पाट, सुरी.)

आता कुकर. हा सहा लिटरचा, स्टीलचा. ह्याच्या आधी ॲल्युमिनियमचा होता, लग्नात मिळालेला, सूटकेसमध्ये साड्यांत गुंडाळून आणलेला. पहिलं सायडर त्याच्यात केलं. झाकण उघडलं तर कुकर आतून लख्ख, इतक्या वर्षांचा काळा थर गायब, मी खूश. मग डोक्यात प्रकाश पडला की तो थर गेला कुठे. आपण तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकतो ना कुकर काळा पडू नये म्हणून, सफरचंदातला आंबटपणाही तेच काम करतो, फक्त इथे ते पाणी आपण पिणार असतो. सगळं सिंकमध्ये ओतलं. तेव्हा आंबट फळाला स्टील, ॲल्युमिनियम नको.

दुसऱ्यांदा जे झालं ते जास्त मोठं होतं, आणि ह्या व्हिडिओचं खरं कारण तेच.

आपल्याकडे कुकर म्हणजे शिट्या. भाताला तीन, राजम्याला सहा, मटणाला शेजारी वैतागेपर्यंत. मी सफरचंदं बारीक चिरली, पाऊण कुकर भरला, पाणी बेताचं, आणि मोठ्या आचेवर ठेवून शिट्या मोजत बसले. पहिली झाली, तिच्याबरोबर तपकिरी फेस बाहेर आला. दुसरी अर्धवट, घसा बसल्यासारखी. आणि तिसरी आलीच नाही. मला वाटलं आच कमी झाली असेल, मी वाढवली. लक्षात घ्या, खाली आच आणि वर कुकर गप्प, ह्याच्याइतकं वाईट काही नाही. फेसाबरोबर गर वर चढून वाफेची वाट बंद झाली होती. मग रिंगच्या एका बाजूने सगळं सुटलं, आवाज फटाक्यासारखा, आणि छतावर दालचिनीच्या रंगाचं एक वर्तुळ. कुणाला लागलं नाही हे नशीब. घर भाड्याचं होतं, रंगाचे पैसे डिपॉझिटमधून गेले.

कुकरचा काही दोष नाही. त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं की ॲपलसॉस म्हणजे सफरचंदाचा शिजवलेला गर, क्रॅनबेरी, ओट असले फेसाळणारे पदार्थ ह्यात शिजवू नयेत. पण कुकरची पुस्तिका कोण वाचतं हो, ती तर गॅरंटी कार्डाबरोबर ड्रॉवरमध्ये जाते.

तुरीची डाळ लावली की झाकणावर पिवळे ओघळ येतात ते आठवा, तसंच हे. कुकरमध्ये दाब चढला की पाणी १०० ला उकळत नाही, आपल्या नेहमीच्या कुकरमध्ये ते साधारण १२१ अंशांपर्यंत जातं. शिटी होते तेव्हा वाफ भसकन जाते, दाब एकदम उतरतो, आणि तेवढं तापलेलं पाणी त्या क्षणी खदखदून उसळतं, फेस वर घेऊन. डाळीचा फेस पातळ असतो, सफरचंदाच्या गरात पेक्टिन, ज्याने जॅम घट्ट होतो ते, त्यामुळे हा फेस चिकट, सोडत नाही. १६७९ मध्ये डेनिस पापाँ नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये असलं दाबाचं भांडं करून दाखवलं होतं, हाडं मऊ करायला, आणि वजनावर चालणारी झडपही त्यानेच बसवली. म्हणजे आपल्या शिटीची ती पणजी. ती आहे ती जादा वाफ सोडायला, घड्याळ म्हणून नाही.

तर सायडरला शिटी होऊ द्यायची नाही, आणि सॉस होईल असं काही करायचं नाही. मोठ्या फोडी, भरपूर पाणी, अर्धा कुकर रिकामा.

(पाटावर सफरचंदं. हात जवळून.)

सहा सफरचंदं, मिळून एक किलोच्या आसपास. एकाच जातीची घेऊ नका. हनीक्रिस्प नुसतं खायला भारी, पण एकटीचं सायडर साखरपाण्यासारखं लागतं. मी तीन गोड घेते, दोन मॅकिंटॉश, एक ग्रॅनी स्मिथ, त्या हिरव्या आंबटाशिवाय मजा नाही. सालासकट चार-चार फोडी, बिया काढायच्या, बाकी गाभा राहू दे.

हे बघा, हे थोडं मऊ पडलंय, चालेल. इथे मार लागलाय, चालेल. पण हे, ह्याच्यावर निळसर बुरशी आलीय, हे सरळ कचऱ्यात. लोक म्हणतात उकळणारच आहे ना. उकळून जंतू मरतात, ते खरं. १९९६ च्या ऑक्टोबरात पाश्चराईज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून इ. कोलाय पसरला होता, कोलोरॅडोतली एक तान्ही मुलगी गेली, आणि १९९८ पासून इथे कच्च्या रसाच्या बाटलीवर सावधान म्हणून छापावं लागतं. तो जंतू कुकरपुढे टिकत नाही. पण सडक्या सफरचंदातल्या बुरशीचं जे विष असतं, पॅट्युलिन, ते असल्या उष्णतेने जात नाही. कुकर झाला तरी त्याला सगळं जमत नाही.

पाणी दीड लिटर. एक संत्रं, त्याची नारंगी साल तेवढी किसून, आतला पांढरा भाग आला की सगळं कडू. रस पिळून, बिया काढून. बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून. दालचिनीचे दोन तुकडे, एक चक्रीफूल, लवंगा चार. चारच. उघड्या पातेल्यात दहा चालतील, दाबाखाली लवंग असली सुटते की पहिल्यांदा प्यायलो तेव्हा आमच्या सगळ्यांच्या जिभा बधिर, दाताला लवंगेचं तेल लावल्यासारख्या. जायफळ आता नाही, नंतर.

बघा, फोडी तरंगतायत. सफरचंदाचा जवळजवळ पाव भाग हवाच असते. निम्म्याच्या खाली आहे सगळं? आहे. आई म्हणाली थोडं तूप सोड, डाळीला तेल सोडतो तसं, फेस बसतो. बसतो खरा, पण कपात वर तवंग येतो, तेव्हा आई, नको.

झाकण लावायच्या आधी शिटीचं भोक उजेडासमोर धरून आरपार बघायचं. रोज बघायचं असतं, मीही आता बघते.

(कुकर जवळून. आवाज फक्त वाफेचा.)

मध्यम आच. आता ऐका. आधी काहीच नाही. मग ही बारीक कुजबुज. मग शिटी जागच्या जागी थरथरायला लागते, सुस्स... सुस्स... हीच वेळ. इथेच आच एकदम बारीक, तिला उठू द्यायचं नाही, नुसती फुसफुसत ठेवायची. इथून १० मिनिटं. इकडे बऱ्याच घरात गॅस नसतो, कॉइलची शेगडी असते, बंद केली तरी कितीतरी वेळ लाल, म्हणून १० मिनिटं झाली की कुकरच उचलून बाजूला ठेवायचा.

आणि आता हात लावायचा नाही. शिटी चमच्याने उचलून वाफ काढायची नाही, नळाखाली धरायचा नाही. वीस-पंचवीस मिनिटं आपोआप निवू दे. इन्स्टंट पॉट, म्हणजे तो विजेवरचा कुकर, असलेल्यांनाही हेच, त्याला शिटी नाही आणि दाब जरा कमी म्हणून १२ मिनिटं ठेवा, पण ते वाफ सोडायचं बटण दाबू नका, फेस तिथूनही येतो.

(झाकण उघडतं. वाफ.)

फोडी अजून आकारात दिसतात, पण पळीने स्पर्श केला की विरघळतात, साल गुंडाळी होऊन सुटलेली. मसाले काढून घ्या, मग पावभाजीच्या मॅशरने हलकं दाबा. हलकं. आणि आता मोह होतो की परत झाकण लावून अजून थोडा रस काढू, तसं करायचं नाही, हा आता सॉस झालाय. चाळणीवर सुती कापड टाकून गाळा. आईने कापडाला चक्क्यासारखी पुरचुंडी बांधून नळाला टांगली आणि वर पिळायला निघाली. पिळलं की गढूळ होतं. तिचं म्हणणं, गढूळ असू दे, वाया का घालवायचं. आमच्यात हा वाद मिटलेला नाही, त्यामुळे बरणीत खाली साका असतो.

सहा-सात कप होतं. गोडी आत्ता बघायची, आधी साखर घातली तर अंदाज चुकतो. मी मेपल सिरप घालते, दोन चमचे. आईने तिच्या वाट्याला गूळ घातला, चिमूटभर मीठ, वरून जायफळ, घोट घेतला आणि म्हणाली, "गुळवणीच झालं की." मग दुसरा घोट. "काढा म्हणून वाईट नाही. खोकला असता तर बरं झालं असतं."

उरलेल्या चोथ्यातून साल बाजूला केली की तुपावर परतून शिऱ्यात जातो. सायडर फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस, फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर बरणी गळ्यापर्यंत भरू नका, गोठून फुगतं आणि काच तडकते, हेही अनुभवाने.

आणि एक राहिलं. कुकरची रिंग. रबर वास धरून ठेवतं, साबणाने जात नाही, उन्हात ठेवून जात नाही, आणि नोव्हेंबरात मिशिगनला ऊन आहेच कुठे. सायडरसाठी वेगळी रिंग ठेवा. मी ठेवली नव्हती.

(जेवणाचं टेबल. रात्र.)

दुसऱ्या दिवशी त्याच कुकरमध्ये डाळ लावली. आईने भातावर वरण घेतलं, वर लिंबू पिळलं, एक घास खाल्ला, थांबली, आणि ताटाकडे बघत म्हणाली, "अगं, वरणात दालचिनी कधीपासून घालायला लागलीस?"