धुराआड गेलेला पंथ

मित्रहो, रास्ताफारी हा जमैकात जन्मलेला धर्मपंथ. त्याचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे लाल-पिवळी-हिरवी टोपी, जटा, गांजाचा धूर आणि गायक बॉब मार्ली उभे राहतात. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही; पण त्यातून या श्रद्धेतली शिस्त गळून पडली आहे, आणि ती गाळण्यात बाहेरच्यांइतकाच हौशी अनुयायांचाही हात आहे.

२ नोव्हेंबर १९३० रोजी अदिस अबाबा येथे रास तफारी मकोनेन यांचा हैले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला. जमैकात तेव्हा ब्रिटिशांचा अंमल होता आणि गुलामांच्या वंशजांपुढे देवसुद्धा गोऱ्या रूपातच ठेवला जात होता. आपला खरा राजा आफ्रिकेत गादीवर बसला आहे, असे पंथाचे आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल जमैकात १९३३ पासून सांगू लागले. त्यापायी पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगवास झाला. गोव्याच्या किनाऱ्यावर टी-शर्टांवरून मिरवणाऱ्या सुशेगाद प्रतिमेत या इतिहासाला कुठेच जागा नाही.

गांजाचेही तसेच. प्रार्थनेत आणि धर्मचर्चेत तो पवित्र मानून ओढला जातो हे खरे. पण सगळेच रास्ता, म्हणजे या पंथाचे अनुयायी, तो ओढतात असे नाही, आणि अनेकजण मद्य व मांस वर्ज्य मानतात. जटांचा आधार बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितला जातो. तिथे व्रतस्थाने डोक्याला वस्तरा लावू नये असे म्हटले आहे, आणि त्याच्या आधीच्याच ओळींत द्राक्षारस वर्ज्य केला आहे. हातात बिअर घेऊन जटा मिरवणाऱ्याने निदान हा अध्याय तरी पुरता वाचावा, असे मला कळकळीने वाटते. आपल्याकडे देवीच्या कोपाच्या भीतीने बायकांनी वागवलेली जट आपण पाहिली आहे. त्या नजरेने इकडे पाहिले तरी चूकच होते, कारण इथे जटा हे आपखुशीने घेतलेले व्रत आहे.

त्या व्रताची किंमत किती होती, हे एप्रिल १९६३ मध्ये दिसले. जमैकातल्या माँटेगो बे शहराजवळच्या कोरल गार्डन्स येथे काही रास्तांच्या आणि पोलिसांच्या चकमकीत आठ माणसे मारली गेली. त्यानंतर सरकारने जी धरपकड केली, तिच्यात या प्रकाराशी काडीचाही संबंध नसलेल्या रास्तांना मारहाण झाली, तुरुंगात टाकले गेले आणि बळजबरीने त्यांच्या जटा कापल्या गेल्या. पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी संसदेत याबद्दल माफी मागितली ती २०१७ मध्ये.

हैले सेलासी यांना सगळे रास्ता एकाच अर्थाने देव मानतात, हाही सोयीचा समज आहे. न्याबिंगी, बोबो अशांती आणि ट्वेल्व्ह ट्राइब्स या शाखांचे आचार वेगळे आहेत; काहीजण त्यांना साक्षात ईश्वर मानतात, तर काहीजण ख्रिस्तावरची श्रद्धा कायम ठेवून त्यांच्याकडे दाविदाच्या वंशातला राजा म्हणून पाहतात. म्हणून एखाद्या गाण्यावरून पंथाचा सिद्धांत सांगण्यापूर्वी, समोरचा रास्ता कोणत्या शाखेचा आहे हे त्यालाच विचारायला हवे.