होस्ट फॅमिलीबरोबर सुट्टीला निघालाय? गाडीत बसण्याआधी एवढं ठरवून घ्या

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ जर्मनीत ओ-पेअर म्हणून, म्हणजे एखाद्या कुटुंबात (होस्ट फॅमिलीत) राहून त्यांची मुलं सांभाळणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांचं व्हिसाचं काम अजून चालू आहे त्यांनीही बघून ठेवा. पुण्याच्या मॅक्समुलर भवनात किंवा आणखी कुठे जर्मन भाषेची पहिली पातळी ए-वन करून तुम्ही तिकडे पोचता, महिने जातात, शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या जवळ येतात आणि एक दिवस जेवणाच्या टेबलावर विषय निघतो: "आम्ही क्रोएशियाला चाललोय, तूही येतेस ना?" क्रोएशिया नसेल तर बाल्टिक समुद्र, नाहीतर इटलीतलं गार्डा सरोवर. विचारणारे मनापासूनच विचारत असतात. पण हे आमंत्रण आहे की ड्युटी, ते त्या वाक्यातून कळत नाही. धुसफूस होते ती त्यावरूनच.

आधी नियम बघू. ओ-पेअरचं काम दिवसाला जास्तीत जास्त ६ तास आणि आठवड्याला ३० तास. आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्याला २८० युरो पॉकेटमनी. वर्षभराचा करार असेल तर चार आठवड्यांची रजा, आणि रजेतही पॉकेटमनी चालूच. गावाला गेलं म्हणून यातलं काही बदलत नाही.

मग होस्ट फॅमिलीबरोबरचा आठवडा तुमच्या रजेतून कापायचा का? जर्मनीतला नियम असा, की तो तुमची रजा तेव्हाच धरतात, जेव्हा तुमच्यावर काम अगदी किरकोळ असतं आणि तुम्ही तिथे हजर असण्याची सक्ती नसते. दोन्ही अटी हव्यात. दिवसभर बीचवर धाकट्याच्या मागे पळायचं आणि रात्री आईबाबा जेवायला बाहेर गेले की घरी थांबायचं, हे काम झालं. समोर समुद्र दिसतोय म्हणून त्याची रजा होत नाही. रात्री मुलं झोपलेली असताना थांबणं, तेही तासांत धरायचं. सगळ्यात जास्त घोळ याच तासांचा होतो, कारण घरी असताना आठवड्यातून एकदा बाहेर जाणारे आईबाबा सुट्टीत रोज जातात.

म्हणून निघायच्या दोन-तीन आठवडे आधी तीन प्रश्न विचारा. हे दिवस माझ्या रजेत धरणार का? कुठल्या वेळी मी मोकळी असेन? मी झोपणार कुठे? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो हमखास विचारा. घरी तुम्हाला स्वतंत्र खोली मिळते, भाड्याच्या घरात मात्र बहुतेक वेळा मुलांच्या खोलीतला बंक बेड वाट्याला येतो. मग रात्री तीनला कोण रडलं तर कोणी उठायचं, तेही आत्ताच बोलून घ्या. उत्तरं मिळाली की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींत परत पाठवा: "आपलं असं ठरलंय, बरोबर ना?" जर्मन घरांत याचा कोणी राग मानत नाही. उलट "बघू, होईल काहीतरी" म्हणणाऱ्या माणसाचाच त्यांना ताप होतो.

पैशांचं तसं सोपं आहे. तुम्ही कामासाठी जात असाल तर प्रवास, राहणं आणि जेवण होस्ट फॅमिलीचं. स्की पास, वॉटर पार्कची तिकिटं, भाड्याची सायकल यांचं आधी विचारा. स्कीइंग असेल तर नक्कीच विचारा, कारण पास, बूट आणि हेल्मेट मिळून पॉकेटमनीला मोठं भगदाड पडतं.

आता कागदपत्रं. इथे होस्ट फॅमिलीवर विसंबू नका. त्यांच्याकडे युरोपियन पासपोर्ट असतो, त्यामुळे तुमच्या पासपोर्टला काय काय लागतं हा विचार त्यांना आयुष्यात कधी करावाच लागलेला नसतो. तुमच्याकडे जर्मनीचा नॅशनल व्हिसा किंवा रेसिडेन्स परमिटचं कार्ड असेल, तर शेंगेनमधल्या (एरवी सीमेवर तपासणीविना ये-जा करता येणाऱ्या युरोपियन देशांच्या गटातल्या) इतर देशांत १८० दिवसांच्या कोणत्याही काळात मिळून ९० दिवस राहता येतं. जर्मनीतले दिवस यात धरत नाहीत. जाण्याचा आणि परतण्याचा दिवस मात्र धरतात. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आहे. ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. होस्ट आईची बहीण लंडनला राहते आणि नाताळला सगळे तिकडे जाणार, असं ठरलं तर तुम्हाला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागेल आणि तो आठवड्याभरात हातात येईल असं धरून चालू नका.

क्रोएशियातली एक खास जागा सांगतो. स्प्लिटहून दुब्रोव्निकला समुद्राकाठचा जुना रस्ता धरलात, तर मध्ये नेउमपाशी काही किलोमीटर बोस्निया लागतो. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. म्हणजे दोनदा चौकी, दोनदा पासपोर्ट, आणि तुमच्या पासपोर्टवर जास्तीचे प्रश्न. २०२२ च्या जुलैत पेल्येशाट्स पूल सुरू झाला, त्यावरून गेलं की बोस्नियात शिरावंच लागत नाही. फोनवरचा नकाशा कधीकधी जुना रस्ता दाखवतो, तेव्हा गाडी चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

परमिटचं नूतनीकरण चालू असेल तर जरा थांबा. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद मिळतो, त्याचं नाव फिक्टिओन्सबेशाइनिगुंग. आतल्या पानावर चौकटी असतात आणि तुमच्या कोणत्या चौकटीत खूण आहे यावर सगळं अवलंबून. जुनं परमिट चालू असल्याचं मानलं जातं, अशी म्हणजे जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम ८१ च्या चौथ्या उपकलमाची खूण असेल तर बाहेर जाऊन जर्मनीत परत येता येतं. तिसऱ्या उपकलमाची असेल तर परतीची वाट बंद होऊ शकते. शंका असेल तर कार्यालयाला ईमेल करा आणि लेखी उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.

पासपोर्ट आणि कार्ड जवळच्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली. ऑस्ट्रियाहून परतताना रांगेत गाडी थांबवून सामान उपसत बसायची वेळ येऊ नये.

विम्याचंही बघून घ्या. तुमचा आरोग्य विमा होस्ट फॅमिलीने काढलेला असतो, पण तो परदेशात किती दिवस चालतो आणि स्कीइंगचा अपघात त्यात धरलाय का, हे पॉलिसीत वाचा. डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर बिल हजारो युरोंत जातं.

प्रवासाबद्दल थोडंसं. जर्मनीत १२ वर्षांपर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत मुलांना खास सीट लागते. दोन मुलं म्हणजे मागे दोन सीट आणि मधली अरुंद जागा तुमची, आठ-दहा तास. गाडी लागत असेल तर आधीच सांगा, मोठ्या माणसांपैकी कोणीतरी मागे बसेल. शनिवारी निघणं शक्य असेल तर टाळा; भाड्याची घरं बऱ्याचदा शनिवार ते शनिवार मिळतात, त्यामुळे त्या दिवशी अख्खा देश रस्त्यावर असतो. आणि तुम्हाला गाडी चालवायला सांगितली तर? भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला लागल्यापासून सहाच महिने चालतं. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

स्वित्झर्लंडमध्ये शिरताना मोबाइल डेटा बंद करा. व्हिसा चालतो, पण युरोपियन युनियनचं फुकट रोमिंग तिथे लागू नाही. तुमच्या प्लॅनमध्ये तो देश असेल तर उत्तम, नसेल तर घरी केलेल्या एका व्हिडिओ कॉलचं बिल पाहून डोळे पांढरे होतील.

आता पाणी. हा भाग पुढे ढकलू नका. आपल्याकडच्या कित्येकांना पोहता येत नाही, आणि होस्ट फॅमिलीला वाटतं, एवढ्या मोठ्या माणसाला येतच असणार. पोहता येत नसेल तर निघण्याआधी स्पष्ट सांगा. "थोडंफार येतं" असं अजिबात म्हणू नका. तळ्यावर, समुद्रावर, हॉटेलच्या पूलवरसुद्धा मुलांसोबत एकट्याने थांबायची जबाबदारी घेऊ नका. मुलाच्या स्विमसूटवर समुद्रघोड्याचा बिल्ला दिसेल, त्यावर भरवसा नको. त्या झेपफेर्डशेन परीक्षेत उडी मारून २५ मीटर पोहायचं असतं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू वर आणायची असते. ती सुरुवात झाली. सुरक्षित पोहणारा म्हणायला त्याच्या पुढचा ब्राँझचा बिल्ला लागतो. उत्तर समुद्रावर असाल तर ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर मुलांना घेऊन लांब जाऊ नका. भरतीचं पाणी आधी ओघळींमधून पाठीमागे भरतं आणि किनाऱ्याचा रस्ता तोडतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक किनाऱ्यावर लावलेलं असतं, तिकडे गाईडबरोबरच जातात.

बाल्टिकवर काही बीच कपड्यांशिवाय फिरणाऱ्यांसाठी राखीव असतात, आणि स्की हॉटेलच्या सॉनात स्विमसूट घालून जाऊ देत नाहीत. तिकडे हे सहज चालतं. तुम्हाला नको असेल तर "नाही, मी खोलीत थांबते" एवढं पुरतं, कारण देत बसू नका.

जेवणाचं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी पोचलात आणि वाटेत काही घेतलं नसेल तर रविवार ब्रेडवर. शाकाहारी असाल तर दोन वाट्या तांदूळ, मूगडाळ आणि मसाल्याचा छोटा डबा सोबत ठेवा. पण भाड्याच्या घरात फोडणी देताना जपा. छताला धुराचा अलार्म असतो. मोहरी तडतडली, मिरची जळली की तो बोंबलतो आणि शेजारी दारात. आधी खिडकी उघडा, चिमणी फुल करा, तेल कमी घ्या आणि मिरची सगळ्यात शेवटी घाला. हळद पांढऱ्या ओट्यावर सांडली तर लगेच पुसा, डाग बसला की डिपॉझिटमधून पैसे कापतात. तुमच्या नावावर दायित्व विमा (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा) असेल, तर भाड्याच्या घरातलं नुकसान त्यात येतं का, तेही पॉलिसीत शोधा.

निघायच्या दिवशी सकाळी साधारण दहाला घर रिकामं करायचं असतं. शेवटच्या साफसफाईचे पैसे भरलेले असले तरी भांडी धुऊन जागेवर, डिशवॉशर रिकामा, चादरी काढून ठेवलेल्या आणि कचरा वेगवेगळा करून बाहेर, एवढं पाहुण्यांनीच करायचं असतं. तुम्ही हात लावा, नक्की लावा. पण सगळं घर तुम्ही आवरायचं आणि बाकीच्यांनी शेवटची आंघोळ समुद्रात करायची, असं होत असेल तर तेही त्या दिवसाच्या सहा तासांत मोजा.