नालदेहऱ्याच्या देवदारांत

(सकाळ. शिमला-मशोबरा रस्ता. गाडीच्या काचेतून दिसणारे देवदार.)

शिमल्याहून निघालं की थोड्या वेळात मशोबरा मागे पडतं आणि रस्ता देवदारांच्या सावलीत शिरतो. साधारण 22-23 किलोमीटरवर नालदेहरा. आपली बहुतेक मंडळी इथे उतरतात ती घोड्यावर बसायला. घोडेवाल्याशी घासाघीस, एक फेरी, दोन-चार फोटो, की गाडी निघाली पुढे, सतलजकाठच्या तत्तापानीकडे. शेजारीच गोल्फचं मैदान आहे, देशातल्या जुन्या मैदानांपैकी एक. तिथे चार दिवसांच्या प्रवाशालाही खेळता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

मुंबई-पुण्यात गोल्फ म्हटलं की सभासदत्व आलं, नाहीतर कुणीतरी ओळखीचं हवं. म्हणून कित्येकांनी हा खेळ फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो. इथे पाहुण्याने ग्रीन फी, म्हणजे खेळण्याचं शुल्क, भरायची, काठ्यांचा सेट भाड्याने घ्यायचा, सोबत काठ्या वाहणारा आणि सल्ला देणारा कॅडी घ्यायचा आणि चालायला लागायचं. दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावं. राहायला लगतच हिमाचल पर्यटन विकास महामंडळाचं ‘गोल्फ ग्लेड’ हॉटेल आहे. खोलीतून निघून चालतच पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी. सहलीत गोल्फ बसवायचा तर मला हीच रीत आवडते.

(मैदानाचं लांबून दृश्य. गवताचे उतार, मधोमध देवदार.)

ही जागा गोल्फसाठी निवडली लॉर्ड कर्झनने. आपल्याला कर्झन आठवतो तो 1905 च्या बंगालच्या फाळणीमुळे. पण उन्हाळ्यात शिमल्यात असताना हा व्हाइसरॉय नालदेहऱ्याला तंबू ठोकून राहायचा. 1904 मध्ये त्याला तिसरी मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं अलेक्झांड्रा नालदेरा. पण गावाचं नाव त्याच्याही फार आधीचं. ते नागदेवतेवरून पडलं, असं इथे सांगतात. महूनागाचं जुनं मंदिर आजही मैदानातच उभं आहे. लाकूड आणि दगडाचं. माझ्या कॅडीने पहिला फटका मारण्याआधी त्या दिशेने हात जोडले. मीही जोडले.

(पहिली टी. चेंडू ठेवणारा हात.)

पार, म्हणजे चांगल्या खेळाडूला पूर्ण फेरीसाठी लागावेत असे फटके, इथे 68. मोठ्या मैदानांवर 18 होलचा, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खळग्यांचा, पार बहुधा 72 असतो, म्हणजे हे मैदान आखूड. पण आखूड म्हणून सोपं समजू नये. सपाट जमीन इथे शोधावी लागते. दोन्ही पाय एका पातळीवर आहेत असं क्वचितच होतं. चेंडू पावलांपेक्षा वर असला तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका डावीकडे ओढला जातो. खाली असला तर उजवीकडे निसटतो. दोन्ही बाजूंना झाडं. बुंध्यावर चेंडू आपटला की खणखणीत ‘टक्’ असा आवाज येतो, आणि मग तो कुठे गेला ते फक्त कॅडीलाच कळतं.

आणि हवा! नालदेहरा समुद्रसपाटीपासून 2000 मीटरहून उंच आहे. हवा विरळ, त्यामुळे उडत्या चेंडूला अडथळा कमी. घरी दीडशे मीटर जाणारा फटका इथे दहा-पंधरा मीटर जास्त जातो. पहिल्या तीन होलवर माझे चेंडू ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, ओलांडून मागच्या उतारावर गेले. चौथ्यावर कॅडीने माझ्या हातातला सात नंबरचा आयर्न (धातूच्या डोक्याची काठी) काढून घेतला आणि आठ नंबर दिला; नंबर मोठा, तसा फटका आखूड. “साब, यहाँ एक कम,” एवढंच म्हणाला. चेंडू ग्रीनच्या मधोमध पडला.

(ग्रीन. कॅडी खाली बसून उतार पाहतो आहे.)

खरी शिकवणी ग्रीनवर. डोळ्यांना उतार डावीकडे दिसतो, चेंडू मात्र उजवीकडे वळतो. मागे अख्खा डोंगर चढत गेलेला, त्यामुळे सपाट काय आणि तिरकं काय, याचा नजरेला अंदाजच येत नाही. कॅडीचं गणित सरळ होतं: दरी कुठे आहे ते बघा, चेंडू तिकडे जाणार. तो ग्रीनकडे फारसा पाहतच नव्हता. आधी दरी शोधायचा, मग बोटाने गवतावर एक जागा दाखवायचा. तिथे पुटरने, म्हणजे ग्रीनवरच्या काठीने, हलकेच ढकलायचं. अशा कॅडीला फीशिवाय वर काही द्यायला हात आखडू नये. आमची फेरी जमली ती त्याच्यामुळे.

एक सूचना. हिवाळ्यात इथे बर्फ पडतं, पावसाळ्यात धुकं एवढं दाटतं की झेंडाही दिसत नाही. एप्रिल ते जून किंवा मग सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे दिवस चांगले. आणि सकाळी लवकर निघा. उन्हं वर आली की सहलीच्या गाड्या येतात, घोड्यांच्या घंटा सुरू होतात.

(शेवटची ग्रीन. लांबट सावल्या.)

अठराव्यावर माझा चेंडू झेंड्यापासून तीन पावलांवर थांबला. कॅडी खाली बसला, दरीकडे एकदा पाहिलं आणि बोट ठेवलं, होलच्या चांगलं वीतभर डावीकडे. मला ते पटत नव्हतं. तरी तिथेच मारला. चेंडू निघाला, अर्ध्या वाटेवर रेंगाळला, वळला, आणि आत पडल्याचा आवाज आला. कॅडीने झेंडा परत लावला. मग खिशातून माझे दोन चेंडू काढून हातावर ठेवले, सकाळी झाडांत हरवलेले.