काथोडी बोली टिपताना

नमस्कार श्रोतेहो. पुण्याहून मुळशी, मावळ, भोरकडच्या कातकरी वाड्या काही लांब नाहीत, त्यामुळे तिथली काथोडी बोली टिपायला जायचा उत्साह पुष्कळ. पण वही उघडून ‘हाताला तुमच्यात काय म्हणतात?’ विचारलं, की उत्तर मराठी वळणाचंच येतं. काथोडी मराठीच्या नात्यातली, आणि माणूस पाहुण्याशी पाहुण्याच्या भाषेत बोलतो. यादी भरते, बोली निसटते.

तेव्हा विचारू नका, काम चालू द्या. दोघीजणी खेकडे साफ करत बसल्या असतील, तर रेकॉर्डर मध्ये ठेवून गप्प बसा. अर्थात आधी परवानगी. तीही नुसता अंगठा नव्हे. आवाज कोण ऐकणार, नको वाटला तर पुसायचा कसा, हे सांगून. लेकराला मारलेली हाक, अर्ध्यावर तोडलेलं वाक्य, रागातलं क्रियापद हे यादीत कधीच सापडत नाही.

दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्ट्यांवर जातात. वाडी भरलेली असते पावसाळ्यात, आणि पावसात पत्र्याखाली रेकॉर्डिंग म्हणजे नुसता ताशा! भाद्रपदातली उघडीप गाठा, अंगणात बसा.

रेकॉर्डर वीतभर अंतरावर, तोंडाच्या जरा बाजूला. थेट समोर धरला, तर ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार माइकवर आदळतो. सेटिंग वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल, ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट. एका माइकला तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. मोबाइल बहुधा फाइल लहान व्हावी म्हणून आवाज दाबून, त्यातले बारकावे गाळून साठवतो, व्हॉट्सअ‍ॅप तो आणखी दाबतं. मग तिथं ‘स’ होता की ‘श’, यावर वाद घालत बसा.

उतरवून काढायला एका मिनिटाला अर्धा-पाऊण तास सहज जातो. इथं आपलं शुद्धलेखन आडवं येतं. कानावर पडलेलं सोडून सवयीचं लिहिलं जातं. उतारा बोलणारीला मोठ्यानं वाचून दाखवा. ती हसली, की चूक तिथंच.

बुलढाण्यातल्या निहाली भाषेची गोष्ट वेगळी. ती कुठल्याच भाषाकुळात बसत नाही, म्हणून तिथं साधी शब्दयादीही मोलाची. पण १९७१पासून जनगणनेत १०,०००पेक्षा कमी भाषकांच्या भाषा ‘इतर’मध्ये जातात, त्यामुळे ती आकड्यांत दिसतच नाही.

प्रती तीन करा: एक स्वतःकडे, एक संस्थेत, एक वाडीत, मेमरी कार्डावर. फाइलच्या नावात तारीख, वाडी आणि विषय हवा. वाडीतल्या प्रतीचे मात्र दोन-तीन मिनिटांचे तुकडे करून द्या. तासाभराची फाइल फोनवर कुणी उघडत नाही.