पाकीट फोडायचं नाही

(दृश्य : टेबलावर खाकी पाकीट, त्यावर पोस्टाचे तीन शिक्के. शेजारी कात्री.)

कात्री बाजूला आहे आणि ती बाजूलाच राहणार आहे. हे पाकीट फोडायचं नाही.

समोरच्या कंपनीच्या संचालकाच्या घरी पाठवलेली नोटीस त्याने सोडवून घेतली नाही, म्हणून पोस्टाने ती परत आणून दिली. वर पोस्टमनच्या हातचा शेरा आहे, 'घर बंद, सूचना दिली', खाली तारीख, त्यावर गोल शिक्का. आत काय आहे ते ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे, नोटिशीची स्थळप्रत फायलीत लावलेली आहे. पण आत हीच नोटीस होती हे न्यायालयाला दाखवायचं, तर पाकीट बंदच हवं. एकदा फोडलं की 'आत कोरा कागद होता' म्हणायला समोरचा मोकळा.

लॉ फर्ममध्ये इंटर्नशिपला आलेल्या विद्यार्थिनीच्या हातात पहिल्याच दिवशी आलेली ही वस्तू. प्रकरण चेक न वटल्याचं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१, कलम १३८. ऑफिसच्या बोलीत नुसतं 'वन थर्टीएट'. अशा फायलीत कायदा थोडा असतो आणि तारखा फार. शिकायला तीच चांगली.

(दृश्य : आरशासमोर टाय बांधणारे हात. पांढरा शर्ट, काळा कोट.)

बार कौन्सिल ऑफ इंडियाचे विधी शिक्षणाचे नियम २००८ चे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान १२ आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. पोशाखही नियमातच सांगितलेला : पांढरी किंवा काळी पँट, पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, पूर्ण झाकलेले काळे बूट. गळ्यातले पांढरे बँड आणि गाऊन मात्र सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावरच. विद्यावेतनाबद्दल नियम गप्प आहेत, आणि बरीच ऑफिसंही.

(दृश्य : प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी होते. बिलं, चेक, व्हॉट्सॲपच्या छापील प्रती, चुरगळलेली पावती.)

पक्षकार कागद आणतो ते असे. क्रम नाही, एकेका बिलाच्या तीन-तीन प्रती, आणि जे हवं ते नेमकं घरी राहिलेलं.

पक्षकाराशी बोलणं दाराआड झालं. वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे गोपनीय असतं, आणि ते बंधन वकिलाच्या कारकुनांना, कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. इंटर्नने स्वतःला त्यातच धरावं. कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये नाही, मैत्रिणीला 'आज काय केस आली माहितीये' नाही.

टेबलाच्या त्या बाजूला बसलेत ते ऑफिसचे कारकून. सगळे त्यांना काका म्हणतात, सिनिअर वकीलसुद्धा. इंटर्नला प्रमाणपत्र सिनिअरांच्या सहीचं मिळतं; काम शिकवतात ते काका.

पहिलं काम, अस्सल कागद वेगळे काढणं. मूळ चेक आणि बँकेचा रिटर्न मेमो, म्हणजे चेक न वटता परत आल्याची चिठ्ठी, पारदर्शक पाकिटात. त्यांना पंच मारायचा नाही, स्टेपलर लावायचा नाही, पेन्सिलीने बरोबरची खूणसुद्धा करायची नाही आणि लॅमिनेशन तर नाहीच. झेरॉक्स दोन्ही बाजूंची, कारण बँकेचे शिक्के मागे असतात. परत आलेल्या पाकिटाचीही दोन्ही बाजूंनी, शेरा नीट वाचता येईल अशी. झेरॉक्स पुसट आली तर टाइप करून सोबत जोडायची. नाहीतर दाखल करताना तिथूनच आक्षेप निघतो.

(दृश्य : जवळून. कोऱ्या कागदावर पेन्सिलीने तारखा.)

आता लिस्ट ऑफ डेट्स. इंटर्नकडे हमखास येणारं, आणि हमखास चुकणारं काम.

मेमो हातात पडला २ सप्टेंबरला. बँकेकडून चेक परतल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची असते. मेमोवरची तारीख आणि तो हातात पडल्याची तारीख वेगळी असू शकते, त्यात बँकेचा मेसेज मोबाइलवर आधीच येऊन पडलेला असतो. वाद नको म्हणून सावध वकील सगळ्यांत आधीची तारीख धरतो. इथे २ सप्टेंबर. तो दिवस सोडला, ३ पासून मोजलं, तर तिसावा दिवस २ ऑक्टोबर. गांधी जयंती. पोस्ट बंद.

काका कॅलेंडरवर बोट ठेवून हसतात ते इथे. नोटीस २६ सप्टेंबरलाच टाकलेली आहे.

संचालकाच्या घरची परत आली; कंपनीच्या पत्त्यावरची पोचली २९ सप्टेंबरला. पैसे द्यायला १५ दिवस, म्हणजे ३० सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर. १४ तारीख पूर्ण त्यांची. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर १५ ऑक्टोबरला तक्रारीचं कारण घडतं आणि तिथून न्यायालयात तक्रार दाखल करायला एक महिना. विद्यार्थिनीने पेन्सिलीने लिहिलंय १४ नोव्हेंबर. काकांनी खाडाखोड न करता शेजारी १५ लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये साकेत इंडिया प्रकरणात नेमक्या याच तारखांवर निकाल दिलाय : कारण घडलं तो दिवस मोजायचा नाही. पुढे २०१३ मध्ये इकॉन अंत्री प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम ठेवलं. आणि महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. ३० दिवस नव्हे. नोटिशीला दिवस, तक्रारीला महिना, असं एकाच कायद्यात दोन्ही आहे.

शेवटची तारीख पंधरा असली तरी ती फायलीवर कधी लिहीत नाहीत. फायलीवर लिहितात आठ. मधले सात दिवस सही राहिली, नोटरी भेटला नाही, सर्व्हर बंद पडला, यांच्यासाठी.

उलटी चूकही होते. पंधरा दिवस संपायच्या आत घाईने तक्रार दाखल केली तर ती टिकत नाही, हे २०१४ मध्ये योगेंद्र प्रताप सिंग प्रकरणात स्पष्ट झालं. आणि उशीर झाला तर? तक्रारीचा उशीर सबळ कारण दाखवून माफ करून घेता येतो. २००२ च्या दुरुस्तीने ती सोय आली. नोटिशीच्या तीस दिवसांना तशी सोय नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल तर तो पुन्हा बँकेत टाकायचा. परत आला की नवे तीस दिवस. मुदतही गेली असेल तर कलम १३८ विसरायचं.

(दृश्य : दोन खुर्च्या समोरासमोर. काका वाचतात, विद्यार्थिनी पेन्सिल सरकवते.)

याला ऑफिसात 'ताडून बघणं' म्हणतात. एकाने मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने टाइप केलेला मसुदा बघायचा. शून्य, शून्य, चार, एक, सात, तीन. चेक नंबर सहा अंकी, एकेक अंक सुटा वाचायचा. मग रक्कम आधी अंकांत, मग अक्षरांत. मग बँक, शाखा, तारीख. मग नाव, चेकवर आहे तसंच. 'प्रायव्हेट' पूर्ण असेल तर पूर्ण, 'प्रा.' असेल तर 'प्रा.'

कंटाळवाणं दिसतं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये कावेरी प्लॅस्टिक्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं ते या पेन्सिलीबद्दलच आहे. चेक एक कोटीचा, नोटिशीत मागणी दोन कोटींची. टायपिंगची चूक झाली, हे म्हणणं चाललं नाही. नोटीस अवैध ठरली आणि तिच्यासोबत तक्रारही गेली. व्याज, नोटिशीचा खर्च मागायचा तर वेगळा, स्पष्ट मांडून मागावा. चेकची रक्कम मात्र चेकचीच.

नावाचीही तीच गत. चेक कंपनीच्या खात्याचा असेल तर कंपनीलाच आरोपी करावं लागतं, नुसती सही करणाऱ्या संचालकाला धरून भागत नाही. २०१२ चा अनिता हाडा निकाल त्यासाठीच प्रत्येक ऑफिसात तोंडपाठ असतो. म्हणून केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर जाऊन चेकच्या तारखेला संचालक कोण होते ते काढायचं. आज कोण आहेत ते नव्हे.

(दृश्य : संगणकाचा पडदा. जुन्या मसुद्यांचं फोल्डर.)

हे फोल्डर प्रत्येक ऑफिसात असतं आणि इंटर्नला तेच खड्ड्यात घालतं. नमुना उघडला, नावं बदलली, झालं! व्हॉट्सॲपच्या संदेशांसारख्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं; इथून उचललेलं निघालं जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं. तो कायदा १ जुलै २०२४ पासून गेला. आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३(४), आणि प्रमाणपत्राचे दोन भाग : 'अ' भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलीचा जणू बोटाचा ठसा. पक्षकाराने नुसता स्क्रीनशॉट छापून आणलाय. मूळ मोबाइल कुठे आहे, तो विकला तर नाही ना, हे आजच विचारायचं.

निकाल शोधतानाही हाच धोका. पाठ्यपुस्तकातून आलेला विद्यार्थी तक्रार कोणत्या न्यायालयात करायची यासाठी दशरथ रूपसिंग राठोड काढून आणतो. निकाल खरा, २०१४ चा, सर्वोच्च न्यायालयाचा. पण २०१५ मध्ये कायदाच बदलला. चेक खात्यात भरला असेल, तर ज्या शाखेत चेक मिळालेल्याचं खातं आहे तिथलं न्यायालय. निकाल सापडला की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तो अजून जिवंत आहे का ते बघणं. आणि तो मूळ निकाल उघडून, परिच्छेद वाचून. मथळ्यावरून नाही, चॅटबॉटने सांगितलं म्हणून तर मुळीच नाही.

(दृश्य : दाभण. जाड गठ्ठ्यातून आरपार जाताना, अगदी जवळून.)

सगळे कागद तयार झाले की दाभण निघतं.

आधी पृष्ठांक, उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने. शेवटच्या क्षणी एखादं पान घुसणारच, म्हणून शाई सगळ्यांत शेवटी. वर अनुक्रमणिका. तिच्या लगेच खाली गोषवारा, कारण सप्टेंबर २०२५ च्या आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने चेकच्या प्रत्येक तक्रारीला ठरावीक नमुन्यातला गोषवारा लावायला सांगितलाय : पक्षकार, चेकचा तपशील, चेक परत आल्याची तारीख, नोटीस, तक्रारीचं कारण. लिस्ट ऑफ डेट्स नीट झाली असेल तर हा दहा मिनिटांत भरून होतो. मग तक्रार, पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी, कागद, वकीलपत्र.

डावीकडे समास भरपूर सोडायचा. दाभण समासातून गेलं पाहिजे, अक्षरांतून नाही. काका गठ्ठा आधी टेबलावर उभा आपटून सारखा करतात, मग गुडघ्याखाली दाबतात, मग टोक. एका दमात. मागून दोरा ओढून घेतात आणि गाठ मागच्या बाजूला, म्हणजे पुढून पानं उलटताना अडत नाही. विद्यार्थिनीचा पहिला गठ्ठा तिरका गेला. तो उसवून पुन्हा शिवला.

(दृश्य : न्यायालयाचा जिना, पायऱ्यांवर रांग. खिडकीची जाळी.)

फायलिंगच्या खिडकीवर आक्षेप निघाले दोन. एका परिशिष्टावर 'खरी प्रत' असा शेरा आणि सही नाही. अनुक्रमणिकेतला पृष्ठांक एकाने चुकलेला. त्या घुसलेल्या पानामुळेच. दोन्ही तिथेच बाकावर बसून दुरुस्त केले. फाइल पुन्हा आत गेली, नंबर पडला, आणि सोबत सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर : दोन अक्षरं राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक प्रकरणाचे, चार वर्षाचे. हा एक नंबर असला की पुढची प्रत्येक तारीख मोबाइलवर दिसते.

यापुढे समन्स, हजेरी, पुरावा. आरोप सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बरीच प्रकरणं त्याआधीच तडजोडीत मिटतात.

(दृश्य : इंटर्नशिपची डायरी. शाईने भरलेलं पान.)

अभ्यासक्रमात या डायरीला गुण आहेत. पक्षकाराच्या दोन मुलाखती पाहून लिहायच्या, त्याचे १५. कागदपत्रं तयार होताना आणि प्रकरण दाखल होताना पाहून लिहायचं, त्याचे १५. 'आज सिनिअर सरांसोबत न्यायालयात गेले' अशी पानंच्या पानं भरलेल्या डायऱ्या कॉलेजांत ढिगाने पडलेल्या असतात. या पानावर पक्षकाराचं नाव नाही, कंपनीचं नाव नाही. तारखा आहेत. १४ खोडलेले, शेजारी १५.

(दृश्य : फाइलचं कव्हर. लाल पेन.)

कव्हरवर पुढची तारीख लिहिली जाते, तिच्या अक्षरात. त्या तारखेच्या नऊ दिवस आधी तिची इंटर्नशिप संपते. काका फाइल कपाटात उभी लावतात, खुर्ची पुढे ओढतात आणि दुसरी पिशवी टेबलावर उपडी करतात.