क्लस्टर अपग्रेड केलात, पण ॲड-ऑनचं काय?

14 मार्च 2023. रेडिट बंद पडलं, आणि थोडंथोडकं नाही, तब्बल 314 मिनिटं, म्हणजे सव्वापाच तास. केलं काय होतं, तर कुबरनेटिस (अनेक मशीनच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, ॲप चालवणारी प्रणाली) 1.23 वरून 1.24 वर नेलं, बस, एक मायनर व्हर्जन!

आता नीट ऐका हं, कारण गोष्ट इथेच आहे. त्यांच्याकडे पॉडच्या (ॲपचे कंटेनर ज्यात चालतात त्या घटकांच्या) नेटवर्कसाठी कॅलिको नावाचं ॲड-ऑन, म्हणजे क्लस्टरवर वेगळं बसवलेलं पूरक सॉफ्टवेअर, होतं, त्यातले रूट रिफ्लेक्टर (नेटवर्कचे मार्ग बाकीच्यांना कळवणारे) कुठल्या नोडवर, म्हणजे मशीनवर, हे ठरवायला काही वर्षांपूर्वी कोणीतरी नोडवरचं ‘मास्टर’ हे लेबल वापरलेलं. हे लेबल जाणार, ‘कंट्रोल-प्लेन’ वापरा, असं 1.20 पासून सांगितलेलं होतं आणि 1.24 मध्ये ते खरंच काढलं. लेबल गेलं, लेबलवरून नोड शोधणाऱ्या सिलेक्टरला एकही नोड सापडेना, रूट रिफ्लेक्टर गायब, अख्ख्या क्लस्टरचं नेटवर्क बसलं. आणि कुबरनेटिसमध्ये डाउनग्रेडची सोय नाही, त्यामुळे शेवटी बॅकअपमधून रिस्टोअर करावं लागलं.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की नुसता कंपॅटिबिलिटीचा तक्ता (कुठलं ॲड-ऑन कुबरनेटिसच्या कुठल्या व्हर्जनवर चालतं तो) बघून हे सापडलं नसतं, कारण ती सेटिंग त्यांची स्वतःची होती. म्हणून तक्ता बघाच, पण ॲड-ऑनच्या यामलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, कुठली लेबलं, कुठले जुने एपीआय वापरलेत तेही शोधा. 1.22 ने इन्ग्रेसचे (बाहेरची ट्रॅफिक आत आणायच्या नियमांचे) बीटा एपीआय काढले, 1.25 ने पॉड सिक्युरिटी पॉलिसी (पॉडवरचे सुरक्षेचे निर्बंध) काढली, आणि हे वापरणारे बरेचदा आपले ॲप नसतात, मागे कधीतरी हेल्म या इन्स्टॉल करायच्या टूलने टाकून विसरलेले कंट्रोलर असतात. प्लूटो नावाचं टूल आहे, जुने एपीआय शोधून देतं, ते चालवा.

आता ईकेएसवाल्यांसाठी, म्हणजे ॲमेझॉनची कुबरनेटिस सेवा वापरणाऱ्यांसाठी. कंट्रोल प्लेन (क्लस्टर चालवणारा मुख्य भाग) अपग्रेड झाला म्हणजे कोअर-डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारं), क्यूब-प्रॉक्सी (नोडवर ट्रॅफिक योग्य पॉडकडे वळवणारा), व्हीपीसी सीएनआय (पॉडना नेटवर्क देणारं) आपोआप वर गेले असं नसतं, ते तुम्हालाच करायचंय! 1.23 ला तर ईबीएस सीएसआय ड्रायव्हर (ईबीएस, म्हणजे ॲमेझॉनच्या डिस्क, पॉडना जोडणारा) आधीच टाकून ठेवावा लागायचा, नाहीतर ईबीएसच्या व्हॉल्यूम वापरणारे पॉड अडकायचे.

क्रम काय ठेवायचा? मी असं करतो, जे ॲड-ऑन आत्ताच्या आणि पुढच्या अशा दोन्ही व्हर्जनवर चालतं त्याचं तसं व्हर्जन आधी टाकतो, मग कंट्रोल प्लेन. क्यूब-प्रॉक्सी मात्र नंतर, कारण तो एपीआय सर्व्हरच्या (कंट्रोल प्लेनमधलाच भाग) पुढच्या व्हर्जनचा चालत नाही, मागे तीन मायनरपर्यंत चालतो. क्लस्टर ऑटोस्केलरचं (गरजेप्रमाणे नोड कमी-जास्त करणारं) मायनर व्हर्जन क्लस्टरच्या बरोबरीचं ठेवा. सीएनआय एकेक मायनरनेच चढवा, उड्या मारू नका.

आणि एक, ईकेएसमध्ये ॲड-ऑन अपडेट करताना कॉन्फ्लिक्टचं, म्हणजे तुमची सेटिंग त्यांच्यापेक्षा वेगळी असेल तर काय करायचं, विचारतात ना, तिथे ‘ओव्हरराइट’ निवडलंत तर कोअर-डीएनएसमध्ये तुम्ही हाताने केलेले बदल पुसले जातात, ऑफिसच्या डोमेनसाठी फॉरवर्ड टाकलेला असेल तर तोही गेला, आणि मग ॲपवाले विचारत येतात की डेटाबेस का सापडत नाहीये. तिथे ‘प्रिझर्व्ह’ निवडा, आणि त्याआधी कोअरफाइलची (कोअर-डीएनएसच्या सेटिंगच्या फाइलची) कॉपी गिटमध्ये टाका, आजच टाका, अपग्रेडच्या रात्री नको.