तिघींची भिंत

नमस्कार श्रोतेहो.

आज भिंतीवर एक चित्र काढायचं आहे. कागद-पेन जवळ असू द्या, मधे मधे आकडे येतील. चित्र डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचं, एका जुन्या फोटोवरून काढायचं. पण त्या चित्रात एकट्या नाहीत, त्यांच्या शेजारी आणखी दोघीजणी आहेत. त्या कोण, ते ओघात सांगते. माप लिहून घ्या: रुंदी एकशे चाळीस सेंटिमीटर, उंची शंभर सेंटिमीटर. घराच्या बैठकीच्या खोलीत, शाळेच्या व्हरांड्यात, वाचनालयाच्या जिन्यात, कुठेही मावेल.

आधी भिंत. न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको. पावसाची झड लागते ती नको. शंका असेल तर फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीला लावा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. ओलीच्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी तो टिकत नाही. पाणी बाहेर येताना आतले क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार रंगाच्या मागे साठतात आणि रंगाला आतून ढकलतात. लोणा येतो, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी फुटते, आणि पोपडे सुटतात. म्हणून आधी गळती थांबवायची, मग भिंत वाळू द्यायची, मग रंग. पुन्हा सांगते: गळती, वाळवण, रंग. हा क्रम मोडायचा नाही.

नवा गिलावा असेल तर निदान अठ्ठावीस दिवस थांबा. सिमेंटचा क्षार ताजा असला की रंग विटतो. पुढचं क्रमाने सांगते. पुट्टीचे दोन हात, वाळल्यावर दोनशेवीस नंबरचा पॉलिश पेपर, ओलसर फडक्याने धूळ पुसणे, प्रायमर, आणि वर पांढऱ्या मॅट इमल्शनचे दोन हात, दोहोंमध्ये चार तास सोडून. मॅटच घ्या. चकचकीत रंगावर खिडकीचा उजेड पडला की चेहरा दिसतच नाही. आणि हे सगळं दसरा झाल्यावर. भर पावसात काढायला घेतलेलं चित्र आठ-आठ दिवस चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते.

आता भिंत वाळते आहे असं समजा, तोवर या फोटोची गोष्ट सांगते. ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. आपण डॉक्टर व्हायचं हे त्यांच्या मनाने तेव्हा धरलं. पण शिकायचं कुठे? गोपाळरावांनी कोल्हापुरातल्या एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. माझ्या बायकोला अमेरिकेत शिकायचं आहे, काही सोय होईल का? ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं. मदतीचं म्हणाल तर त्यातून काहीच निघालं नाही.

आणि मग काय होतं बघा. न्यू जर्सीत रोझेल नावाचं गाव आहे. तिथल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दात दाखवायला गेल्या होत्या. दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत बसायचं, समोर जुनी मासिकं पडलेली. त्यांनी एक उचललं. त्यात हे पत्र! कुठली कोण मुलगी, समुद्रापलीकडची, तिला शिकायचं आहे एवढंच त्यात होतं. बाईंनी घरी येऊन थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं. उत्तर गेलं, पुन्हा पत्र आलं. पत्रांतून आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. न पाहिलेली मावशी!

१८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि आपण अमेरिकेला का जातो आहोत ते इंग्रजीत सांगितलं. तेव्हा वय अठराच्या आतलं. इथल्या बायका पुरुष डॉक्टरांकडून उपचार घ्यायला तयार नसतात, म्हणून बाई डॉक्टर हवी, हे त्यांचं म्हणणं होतं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजात बसल्या, नवरा बरोबर नाही. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि मावशी बंदरावर घ्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियात बायकांसाठी वेगळं वैद्यकीय कॉलेज होतं, १८५० साली सुरू झालेलं. तिथे त्यांना प्रवेश मिळाला. थंडी हाडात जाणारी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. साडी मात्र सोडली नाही.

आता आपला फोटो. तारीख १० ऑक्टोबर १८८५. तेव्हा कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली होत्या. कॅमेऱ्यासमोर तीन विद्यार्थिनी. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई. मधे किमोनो घातलेल्या केई ओकामी, जपानच्या. उजवीकडे दमास्कसच्या सबात इस्लामबुली, आपल्या सिरियन पोशाखात. तीन देश, तीन भाषा, तीन पोशाख. एकीनेही दुसऱ्यांसारखं दिसण्यासाठी आपला पोशाख टाकलेला नाही. अमेरिकेत शिकत होत्या तिघी, पण फोटोला बसल्या त्या आपापल्या घरच्या कपड्यांत.

पुढे ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. ओकामी १८८९ मध्ये डॉक्टर झाल्या, इस्लामबुली १८९० मध्ये. आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर झाली होती. पण क्षयाने अंग पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी मावशींकडे पाठवण्यात आल्या, आणि मावशींनी त्या न्यूयॉर्क राज्यात पॉकीप्सी इथे आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत ठेवल्या. दातांच्या डॉक्टरकडे उचललेल्या एका जुन्या मासिकापासून इथपर्यंत, श्रोतेहो.

म्हणून माझा आग्रह आहे की फोटोतून आनंदीबाईंना कापून वेगळं काढू नका. तिघींना एकत्र काढा. एकटी बाई भिंतीवर आली की आपण तिला हार घालतो, उदबत्ती लावतो आणि देव्हाऱ्यातली करून टाकतो. हार घातला की माणूस लांब जातं. तिघी शेजारी-शेजारी बसलेल्या दिसल्या की शाळेतल्या मुलीला त्या वर्गातल्या वाटतात.

आणखी एक. महाराष्ट्रातली जुन्या काळातली बाई म्हटली की चित्रकार नथ, चंद्रकोर, नऊवारी असा ठरलेला साज चढवतात. तसं करू नका. फोटोत जे दिसतं तेच काढा. कातडी उजळही करू नका. गोरेपणाच्या हव्यासापायी आपल्याकडे किती जणींचे चेहरे पुसले गेले आहेत!

आता काम. फोटोची ए-फोर कागदावर आडवी छापील प्रत काढा. तिच्यावर अठ्ठावीस बाय वीस सेंटिमीटरची चौकट आखा आणि दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोन पाडा. आडवे चौदा, उभे दहा, एकूण एकशे चाळीस. भिंतीवर तेच चौकोन दहा सेंटिमीटरचे. म्हणजे पाचपट. भिंत मोठी असेल तर वीस सेंटिमीटरचे करा, चित्र दुप्पट होईल. चौकोनांना कागदावर आणि भिंतीवर सारखीच नावं द्या, आडवी अक्षरं, उभे आकडे. नाही तर नाक शेजारच्या चौकोनात जातं आणि ते उशिरा कळतं.

उभी रेघ ओळंब्याने, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाने, आडवी रेघ लेव्हल पाइपने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने. छताच्या कडेवर किंवा फरशीवर विसंबू नका, जुन्या घरात त्या क्वचितच सरळ असतात. चौकट बरोबर आली का, हे दोन्ही कर्ण मोजून बघा. एकशे चाळीस बाय शंभरच्या चौकटीचा कर्ण एकशे बहात्तर सेंटिमीटर. दोन्ही कर्ण एकशे बहात्तर आले तर कोन काटकोनात. पुन्हा सांगते, एकशे बहात्तर. रेघा फिकट खडूने मारा. बॉलपेन, मार्कर अजिबात नको. त्यांची शाई वरच्या रंगातून दोन महिन्यांनीसुद्धा वर फुटते. चेहऱ्याच्या चौकोनांचे पुन्हा चार-चार भाग करा.

फोटो काळा-पांढरा आहे. साडीचा, किमोनोचा रंग त्यातून कळत नाही. जो कळत नाही तो मनाने भरू नका. पाच छटांत काम करा: पांढरा, फिकट करडा, मधला करडा, गडद करडा, काळा. पाच स्टीलच्या वाट्या घ्या. पांढऱ्या इमल्शनमध्ये काळं स्टेनर, म्हणजे छटा आणायला मिसळायचा दाट रंग, थेंब-थेंब टाकत करडे बनवा. गडदाच्या मागे लागून स्टेनर ओतत राहू नका. जास्त स्टेनर पडलं की रंग नीट धरत नाही आणि हाताला लागतो. अगदी गडद आणि काळ्यासाठी तयार काळा रंगच वापरा. इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून पुठ्ठ्यावर पट्टी ओढा, तासभर थांबा, मग ठरवा. प्रत्येक छटा एकदाच आणि पुरेशी करून झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी हुबेहूब तीच छटा पुन्हा जमत नाही.

आधी मधली छटा मोठ्या भागांत भरा, मग गडद, शेवटी उजळ. पहिल्या दिवशी कपडे, हात बसला की चेहरे. डोळ्याचं पांढरं शुभ्र पांढऱ्याने भरू नका, डोळे वटारल्यासारखे दिसतात. फिकट करडा वापरा, आणि शुभ्र पांढरा फक्त बुबुळावरच्या बारीक ठिपक्याला. डोळे फार वर घेणं ही नेहमीची चूक. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. अधूनमधून मोबाइलवर फोटो काढून तो उलटा धरून बघा, वाकडेपणा लगेच दिसतो.

खाली नावं लिहायची आहेत. अक्षराचं अंग सहा सेंटिमीटर असेल तर वर मात्रा-वेलांटीला तीन आणि खाली उकाराला तीन सेंटिमीटर सोडा. आधी शिरोरेघ आखा. आपल्या गावांतले पाट्या रंगवणारे हे काम डोळ्यांनी करत. फ्लेक्स आले आणि तो हात गेला. गावात असा एखादा पेंटर अजून असेल तर नावं त्याच्याकडून लिहून घ्या आणि योग्य मजुरी द्या.

नावं अशी लिहा: आनंदीबाई जोशी, भारत. केई ओकामी, जपान. सबात इस्लामबुली, सिरिया. त्याखाली, फिलाडेल्फिया, १८८५. सुविचार नको. प्राथमिक शाळेत चित्र काढत असाल तर तिघींचे डोळे जमिनीपासून एकशे वीस सेंटिमीटरवर येतील अशी चौकट धरा, म्हणजे पहिलीतल्या मुलीला मान फार वर करावी लागणार नाही. नावं वाळायला रात्रभर द्या आणि खडूच्या रेघा दुसऱ्या दिवशी कोरड्या मऊ फडक्याने पुसा. ओल्या फडक्याने नको.

नमस्कार.